हात तुटलेला भैरोबा: खानापूर तालुक्यातल्या एका मूर्तीचं प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात चैत्रातल्या जत्रेच्या तोंडावर भैरोबाच्या अंगावरची शेंदराची खोळ सुटली. खांद्यापाशी चीर पडलेली गुरवांना माघापासून दिसत होती. एका पहाटे अभिषेकाच्या वेळी छातीवरचा मोठा खपला निखळून खाली आला आणि मग उरलेलं कवचही सैल पडत गेलं. आतून काळ्या पाषाणाची चार हातांची उभी मूर्ती निघाली. गळ्यात मुंडमाळ, कमरेला नागबंध, पायाशी कुत्रं. पण डावीकडचा वरचा हात कोपरापासून नव्हता, नाक झिजून सपाट झालं होतं आणि प्रभावळीचा डावा कोपरा उडालेला होता.

गावानं आजवर पाहिलेला भैरोबा म्हणजे केशरी रंगाचा एक भरीव आकार. त्यावर चांदीचे डोळे आणि मिशा. त्याला हात किती हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. आता देवाचं खरं रूप दिसलं, आणि ते भंगलेलं होतं.

एरवी अशी गोष्ट गावातल्या गावात मिटते. इथे ती चिघळली, कारण मंदिराचा जीर्णोद्धार आधीच सुरू होता. हा भाग दुष्काळी. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आणि गावाकडे पैसा पाठवताना पहिली आठवण देवळाची ठेवली. कोइमतूरला गलाईचं दुकान असलेल्या एका अण्णांनी मोठी देणगी दिली होती. दगडी देवळापुढे आरसीसीचा सभामंडप झाला, गाभाऱ्याला आतून ग्रॅनाइट लागलं, दोन हॅलोजन दिवे आले. माझ्या मते खोळ सुटली ती त्यामुळेच. श्वास घेणारी दगडी भिंत बंद झाली, ओल आत कोंडली आणि वरून दिव्यांची धग. तेलात मळलेला शेंदूर अशा ठिकाणी दगड सोडतो.

देवळाच्या समितीनं जयपूरला संगमरवराच्या मूर्तीसाठी विसारही दिला होता. जुनी मूर्ती हरिपूरच्या संगमावर, कृष्णा-वारणेच्या पाण्यात सोडायची, असा तोंडी ठराव होता. खोळ सुटण्याआधी त्याला कुणाचा फारसा विरोध नव्हता. खोळ सुटल्यावर तीन बाजू पडल्या. समितीतल्या बहुतेकांचं म्हणणं, आता तर मूर्ती खंडित निघाली, खंडित मूर्ती पुजायची नसते, विसर्जन लवकर करा. गावातल्या तरुण मंडळाचं म्हणणं, ही मूर्ती खानाच्या फौजेनं फोडली आहे, ती तशीच ठेवा आणि बाहेर तसा फलक लावा. तिसरी बाजू गुरव मामांची आणि बऱ्याचशा म्हाताऱ्या बायकांची: देव आहे तिथून हलवायचा नाही. मला बोलावलं ते समितीच्या सचिवांनी, मूर्तीचा तुटलेला हात जोडून मिळेल का एवढंच विचारायला. गावाचं नाव लिहू नये अशी त्यांची विनंती आहे, ती पाळतो.

दगडावर काय दिसलं

आधी खोळीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त वेळ तिनंच खिळवून ठेवलं. गळालेले खपले मामांनी एका पितळी परातीत जपून ठेवले होते. त्यातला छातीचा तुकडा आडवा धरला की थर मोजता यावेत इतके स्पष्ट दिसत: वर भडक केशरी, तो बाजारातल्या हल्लीच्या शेंदराचा, त्याखाली विटकरी, मग तेलानं काळवंडलेला तपकिरी, अध्येमध्ये चांदीच्या वर्खाच्या चकाकत्या रेषा. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे एकमेकांवर बसलेले. तोंडावरच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला, चार बोटं खोल, डोळ्यांची आणखी एक जोडी सापडली. लहान, पातळ पत्र्याची, बुबुळाच्या जागी काळी लाख भरलेली. वरचे डोळे बुजत गेले की पुढच्या पिढीनं नवे डोळे बसवले होते आणि जुने काढून न घेता आतच राहू दिले होते. मामांनी ते डोळे तळहातावर घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे एक काळजीची गोष्ट. बायका खपल्यांचे तुकडे प्रसाद म्हणून घरी नेत होत्या, पोरांच्या कपाळाला लावत होत्या. जुना शेंदूर हा शिशापासून केलेला असतो आणि शिसं अंगात गेलं की लहान मुलांना त्याचा फार त्रास होतो. समितीनं आणलेला ठेकेदार तर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उरलेला शेंदूर ‘साफ’ करायच्या तयारीत होता, वर ॲसिडचा हात देणार होता. ती धूळ बंद गाभाऱ्यात उडाली असती तर गुरवांच्या घरात आजारपण शिरलं असतं, आणि ॲसिडनं पाषाणाचा वरचा पोत कायमचा गेला असता. हे काम थांबवायला मला आवाज चढवावा लागला. पुढे उरलेला शेंदूर कोमट तेलानं भिजवून, लाकडी पट्टीनं, कापसानं, तोंडाला मास्क लावून हळूहळू काढला. शेंदूर उतरवल्यावर देवाचं मूळ रूप दिसण्याची अलीकडची मोठी घटना म्हणजे वणीची सप्तशृंगी. २०२२ साली तिथे हजार किलोहून जास्त शेंदूर उतरवला आणि देवीचं मूळ रूप भक्तांनी पहिल्यांदा पाहिलं. ते काम जाणकारांच्या देखरेखीखाली, मंदिर बंद ठेवून झालं. आमच्या गावात ठेकेदार ग्राइंडर घेऊन आला होता.

आता तुटलेल्या हाताकडे. मूर्ती घडणीवरून यादवकाळाच्या आसपासची वाटते. उजवीकडे खाली खड्ग, वर डमरू. डावीकडे खाली पानपात्र. वरच्या डाव्या हातात त्रिशूळ होता हे नक्की, कारण त्रिशुळाची तीन टोकं अजून प्रभावळीला चिकटून आहेत. मधला दांडा आणि हात गेला. हा हात कारागिरानं पाठीमागच्या दगडापासून मोकळा कोरला होता. पाषाणात असा मोकळा भाग सगळ्यात आधी तुटतो.

तुटलेल्या तोंडावर बॅटरीचा उजेड तिरका टाकला तेव्हा मधोमध एक गोल छिद्र दिसलं, करंगळी जाईल एवढं. आत करड्या रंगाचं काहीतरी घट्ट बसलेलं. ते शिसं होतं. जुने कारागीर दगडाला दगड जोडताना छिद्रात धातूची खुंटी उभी करून भोवती वितळलेलं शिसं ओतत, त्याचीच ही खूण. आणि त्या शिशावरून खोळीचा सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना थर पसरलेला होता.

म्हणजे क्रम असा लागतो: हात तुटला. मग कुणीतरी खुंटी घालून तो जोडला. पुढे केव्हातरी तो जोडही निखळला. आणि त्यानंतर शेंदूर चढायला लागला. शेंदूर चढवणाऱ्यांना देव हातानं अधू आहे हे माहीत होतं. आज समितीपुढे जो प्रश्न होता तोच त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर दिलं होतं. मूर्ती पाण्यात सोडली नाही, पूजा थांबवली नाही. आधी जोडली, ते जमेना तेव्हा शेंदरानं झाकून घेतली.

बैठकीत मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगितली.

कुणी फोडली?

तरुणांचा मुद्दा मी झटकून टाकला नाही, टाकूही नये. या मुलखात मूर्तिभंजनाचा इतिहास खरा आहे. १६५९ मध्ये विजापुराहून निघालेल्या अफझलखानाच्या स्वारीत तुळजापूरच्या भवानीला उपद्रव झाल्याचं बखरींनी लिहून ठेवलंय, आणि त्याच खानाचा शेवट आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला. पुढे दोनच वर्षांत, १६६१ मध्ये, महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. या आठवणी लोकांच्या मनात ताज्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत.

पण इथल्या मूर्तीवर त्याचा पुरावा आहे का, हा वेगळा प्रश्न. जाणून फोडलेल्या मूर्तीत पहिला मार तोंडावर असतो. नाक, डोळे, ओठ. घणाचा घाव बसतो तिथे दगड आत चेचला जातो, भोवती किरणांसारख्या चिरा जातात. या भैरोबाचे ओठ शाबूत आहेत, पापणीची बारीक कड शाबूत आहे. नाक गेलंय ते झिजून. त्याची पातळी गालाशी गुळगुळीत मिळते, तुटल्याची धार कुठेच नाही. शेकडो वर्षं रोज पाणी, दूध, दही आणि चोळणारा हात. नाक देवाच्या भक्तांनीच झिजवलं.

हाताचं तसं नाही, तो तुटलाच. मूर्तीसमोर बसून मी प्रभावळीचा उडालेला डावा कोपरा, हाताचं तोंड आणि खालच्या पीठाची डावी कड यांना दोरी लावून पाहिली. तिन्ही जागा एका सरळ रेषेत आल्या. मूर्ती डाव्या कुशीवर पडली होती. ती कुणी ढकलली, की धामधुमीत लपवायला नेताना निसटली, की भिंत खचली, हे दगडावर लिहिलेलं नाही. घणाचा घाव नाही, एवढं लिहिलेलं आहे.

मंडळाचा एक पोरगा, हुशार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, म्हणाला, “सर, पाडली असेल तर ती त्यांनीच पाडली असणार ना?” या ‘त्यांनीच’ शब्दाशी मी थांबलो. बैठकीला मुलाणी चाचा बसले होते. जत्रेत त्यांच्या घराण्याचा मान आहे. त्यांच्याशिवाय नैवेद्याचं काम पुढे सरकत नाही, ही रीत कुणी नव्यानं आणलेली नाही. चाचा काही बोलले नाहीत, टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून जी दंगल झाली, ती या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. चित्र इतिहासातलंच होतं. पण जिवंत माणसांकडे बोट दाखवायला ते वापरलं गेलं की काय होतं, ते मिरज-सांगलीनं संचारबंदीत बसून पाहिलं. फलकावर ‘खानानं फोडलेली मूर्ती’ असं लिहायचं, तर तो आरोप आहे. आरोपाला पुरावा लागतो.

आणि पुरावा शोधायचा तर सगळ्या दिशांनी शोधावा लागतो. तासगाव इथून जवळ. तिथल्या गणपतीचं ते देखणं सात मजली गोपुर परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं. दक्षिणेत मोहिमा करताना पाहिलेली गोपुरं मनात भरली म्हणून आपल्या दैवतासाठी बांधलं, अशी त्या माणसाची भक्ती. त्याच भाऊंच्या १७९१ च्या म्हैसूर स्वारीत सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती जागेवरून हलली, आणि तिच्या पुन्हा स्थापनेसाठी टिपू सुलतानानं मठाला मदत पाठवली. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा कुजबुज झाली. सांगण्यामागे भाऊंना कमी लेखायचा हेतू नव्हता. फौजा, लूट, सत्ता आणि श्रद्धा यांची गुंतागुंत आपण समजतो तेवढी सरळ नसते, आणि एका तुटलेल्या हाताकडे बघून तिचा निकाल देता येत नाही.

मूर्ती फोडणाऱ्यांना मूर्ती कुणाची हे नीट कळलेलं असतंच असंही नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या २८ राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली गेली. लोकांना वाटलं हे फ्रान्सचे राजे. ते होते बायबलमधले, ज्यू लोकांचे जुने राजे. त्यातली २१ डोकी १९७७ मध्ये पॅरिसमध्येच जमिनीखाली सापडली. मूर्तीवर चुकीचं नाव चिकटवलं की तिच्यावर चुकीचा घाव पडतो, किंवा तिच्या नावानं चुकीच्या माणसावर.

खंडित मूर्तीचं काय करायचं

समितीचं खरं बळ या एका वाक्यात होतं: खंडित मूर्ती पुजू नये. हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. लाकडाची जीर्ण मूर्ती अग्नीत द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी असं त्यात सांगितलंय. म्हणून समिती काही मनचं बोलत नव्हती. पण शिल्पशास्त्राचीच दुसरी बाजूही आहे. १५ व्या शतकातल्या मेवाडच्या सूत्रधार, म्हणजे स्थपती, मंडनानं नोंदवून ठेवलेला नियम असा, की शंभर वर्षं उलटून गेलेली, थोरांनी स्थापलेली मूर्ती भंगलेली असली तरी ती पूज्यच. दोन्ही वचनं परंपरेतलीच. कुठलं लागू करायचं हे ठरवणाऱ्यांनी दोन्ही वाचलेली असावीत एवढीच माझी अपेक्षा होती.

मूर्ती सोडून देणं हे दरवेळी वाईट असंही मी मानत नाही. आपल्याकडे पार्थिव गणपती दरसाल विधिपूर्वक सोडला जातो. आवाहन आणि विसर्जन ही पूजेचीच दोन टोकं आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या किती तरी घरांनी देव्हाऱ्यातले टाक, खंडोबा, मरीआई, नदी-विहिरीत सोडले. ज्या देवांच्या देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती त्यांच्याशी नातं तोडण्याचा तो विचारपूर्वक, सामुदायिक निर्णय होता. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा उच्चारून घेतलेला. याच गावच्या बौद्धवाड्यातल्या एक शिक्षिका बाई बैठकीला होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनी टाक सोडले तेव्हा का सोडतोय ते त्यांना माहीत होतं. तुम्ही मूर्ती का सोडताय, ते सांगा.” बैठकीतलं सगळ्यात नेमकं बोलणं ते होतं, आणि समितीकडे त्याला उत्तर नव्हतं. नवी पांढरी मूर्ती छान दिसेल, यापलीकडे कारण निघालं नाही.

मला इथे स्पष्ट बोलायचं आहे. आपल्या भागात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जुन्या मूर्ती नाहीशा होताना मी पाहिल्या त्या कुठल्या फौजेमुळे नाहीत. जीर्णोद्धारामुळे. गावोगाव पिंपळाच्या पारावर, विहिरीच्या कठड्याला, शाळेच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या भग्न देवता, वीरगळ, सतीशिळा बघा. त्यातल्या कितीतरी देवळाच्या ‘नव्या कामात’ बाहेर आल्या. वीरगळाचे कपडे धुवायचे दगड झालेत. सप्तमातृकांच्या पट्टाला ऑइलपेंट लागलाय. कुणाच्याही मनात द्वेष नव्हता, वर्गणी भक्तीनंच गोळा झाली, तरी जे गेलं ते गेलंच. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबाननं सुरुंग लावून उडवल्या तेव्हा सगळ्या जगानं हळहळ केली. आपल्या पारावरच्या भैरवीसाठी हळहळ करायला निदान त्या गावानं तरी उठावं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू ठरते. देवस्थान नोंदणीकृत न्यास असल्यानं मूर्ती ही न्यासाची मालमत्ता आहे, विश्वस्तांच्या मर्जीची वस्तू नव्हे. हे सांगितल्यावर अध्यक्ष आबांनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतलं.

एक सूचना अशी आली की मूर्ती औंधच्या संग्रहालयाला द्यावी. सूचना चांगल्या मनानं केलेली. औंध इथून फार लांब नाही, आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं ते संग्रहालय म्हणजे एका संस्थानिकानं कलेवर केलेलं प्रेम आहे. रवि वर्म्याची सैरंध्री तिथे आहे, हेन्री मूरचं एक दगडी शिल्प तिथे आहे. तिथे तुटलेला हात कुणाला खटकला नसता, उलट लोकांनी जवळ जाऊन तोच पाहिला असता. मी स्वतः वर्षानुवर्षं मूर्ती संग्रहालयांतच शिकलो. तरीही मी या सूचनेच्या विरोधात बोललो, आणि माझ्या आधी गुरव मामा बोलले.

मामांचं बोलणं जसंच्या तसं देतो. “तितं त्येला आंगुळ कोण घालंल? आन कौल कुटं लावायचा? हितं दोनी खांद्याव पाकळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई. गावाच्या पेरण्या, सोयरिकी त्याव ठरल्यात. तुमच्या त्या गुळगुळीत मारबलाव पाकळी ठरनार हाय व्हय?”

सभेत हसू उसळलं, पण मामा हसले नव्हते. त्यांचा मुद्दा बारकाईचा होता. ओला, किंचित खरबरीत पाषाण पाकळी धरून ठेवतो आणि आपल्या वेळेनं सोडतो. घासून चकचकीत केलेल्या संगमरवरावर ती टिकत नाही. देव आणि गाव यांच्यातलं बोलणं त्या दगडाच्या पोतावर चालतं. मग त्यांनी आणखी एक सांगितलं: “आमी दगडाला न्हाऊ घालतो, पोचतंय नाथाला.” हे ऐकून मला आठवल्या त्या आठव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलच्या भांडणातल्या धर्मसभा. ७५४ च्या सभेनं पवित्र चित्रांच्या पूजेला बंदी केली. ७८७ च्या निकायाच्या सभेनं ती उठवली, आणि तिचा आधार हाच होता, की प्रतिमेला दिलेला मान मूळ रूपाला पोचतो. त्या साम्राज्यात हा वाद ८४३ पर्यंत धुमसला. बिशपांनी मांडलेला मुद्दा खानापूर तालुक्यातला गुरव आपल्या कामातून बोलत होता.

काय ठरलं

मूर्ती जागेवर ठेवायची, यावर बैठक आली. कौल लावूनच यावर शिक्कामोर्तब झालं, माझ्या अहवालानं नव्हे, आणि ते मला योग्यच वाटतं. अहवालानं दगड काय सांगतो ते सांगितलं. निर्णय घ्यायची गावाची स्वतःची रीत होती.

हात नव्यानं जोडायचा नाही, असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. जोडायचा तर कुठला हात? मूळ तुकडा नाही, नवा कोरला तर तो आपल्या कल्पनेतला. वज्रलेपाचा, म्हणजे मूर्तीवर घट्ट बसणारा टिकाऊ लेप देण्याचा, आग्रह अजूनही काहींचा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती आहेत, कच्चं टेंभुर्णीचं फळ, कवठ, सावरीची फुलं उकळून केलेल्या. आज त्या नावानं पुष्कळदा इपॉक्सी थापतात. ती दगडाला गच्च धरते आणि पुढच्या पिढीला काढता येत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्यानं संवर्धन केलं तेव्हासुद्धा मस्तकावरचा नाग दाखवला नाही म्हणून केवढा वाद झाला, ते आपण पाहिलंय. मूर्तीत जराही भर घालायची किंवा काही वगळायचं, तर आधी फोटो, मापं, लेखी नोंद आणि गावाची संमती हवी.

शेंदराबद्दल एकमत झालं नाही. मी सांगितलं, कपाळाला आणि पावलांना लावा, बाकी अंग मोकळं ठेवा. काही आज्यांना हे मुळीच पसंत नाही. त्यांच्या लेखी केशरी भैरोबा हाच भैरोबा. हा काळा, नाक नसलेला त्यांना परका वाटतो. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ज्या रूपापुढे त्यांनी जन्मभर पदर पसरला ते रूप एका पहाटेत गेलं, आणि ते जाणं हीसुद्धा एका प्रतिमेची मोडतोडच आहे. त्यांच्यासाठी जत्रेच्या पाच दिवसांत जुना पितळी मुखवटा मूर्तीवर चढवायचा ठरलं. त्याला भरपूर शेंदूर लावता येईल, तोही शिसं नसलेला. खोळीचे खपले आणि आतले जुने डोळे झाकणाच्या तांब्याच्या डब्यात गाभाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलेत. पाण्यात सोडायचे नाहीत, घरी न्यायचे नाहीत.

कोइमतूरच्या अण्णांना फोनवरून समजावणं हे आबांचं काम. अण्णा आधी रागावले, विसाराचे पैसे अडकले होते. मग जत्रेला आले, बॅटरीच्या उजेडात शिशाचं ते छिद्र स्वतः पाहिलं, आणि विचारलं, “हे कुणी केलं असंल?” कुणाकडेच नाव नव्हतं. जयपूरच्या कारागिराशी बोलून त्याच विसारात देवळाबाहेरच्या दीपमाळेसाठी काम घ्यायचं घाटतंय. गाभाऱ्यातले हॅलोजन निघाले. ग्रॅनाइट मागच्या भिंतीवरून तरी काढा, ओल बाहेर पडू द्या, असं मी लेखी दिलंय. ते काम पावसाळ्याआधी व्हायला हवं, नाहीतर पीठाखालच्या सिमेंटमधून क्षार वर चढतील आणि पाषाणाचा पापुद्रा सुटायला लागेल.

फलक लागला. मजकूर मंडळाच्या त्याच पोरानं लिहिला, मी दोन शब्द बदलले. त्यात मूर्तीचा दगड, घडण, चारी हातांतली आयुधं, तुटलेला हात आणि तो पूर्वजांनी शिसं ओतून जोडल्याची खूण, एवढं आहे. मूर्ती पूर्वी डाव्या बाजूला पडली होती असं आहे, कुणी पाडली असं नाही. बसवायला मुलाणी चाचांचा नातू शिडी धरून उभा होता. त्यानं मला विचारलं की शिशाच्या छिद्राचा फोटोही फलकावर घालता येईल का, कारण अंधारात ते लोकांना दिसत नाही. पुढच्या छपाईत तो फोटो येईल.